नवव्या रकान्यातली पेन्सिल

कचेरीत त्याला खोडरबर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्या कचेरीत पाठीमागचं बोलणंही दोन टेबलांपलीकडे सहज ऐकू येई, त्यामुळे त्याला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, खोडरबराचा एक तुकडा कायम असायचा. झिजून बटणाएवढा झाला की तो नवा कापून घेई. बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नव्हतं. लग्न केलं नव्हतं. डबा स्वतः करून आणायचा, स्वतः धुऊन न्यायचा. एकतीस वर्षं तो मृत्यूंची नोंद करत होता आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता.

शेजारच्या खिडकीत जन्म नोंदवले जात. तिथली माणसं मोठ्याने बोलत, नावावरून आपसात वाद घालत. त्याच्या खिडकीशी आली की आपोआप आवाज खाली करत, जणू पलीकडे कोणी नुकतंच झोपलंय. तो नाव विचारी, वय विचारी, गाव विचारी. नोंदवहीत नऊ रकाने होते. आठ रकाने तो तिथल्या तिथे शाईने भरी. नववा पेन्सिलीने.

नववा रकाना मृत्यूच्या कारणाचा. तो आठ दिवस पेन्सिलीत ठेवायचा, हे त्याला त्याच्या आधीच्या कारकुनाने शिकवलं होतं. नियमात तसं काही नव्हतं. वरच्या खोऱ्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी यायला आठवडा लागायचा, म्हणून पूर्वी कधीतरी ती सवय पडली. चिठ्ठी आली तरी तिच्यात कारणाच्या जागी बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ असे. पोलीस चौकीचे कागद वेगळ्या कपाटात जात, आणि त्या कपाटाची किल्ली कधी कोणी मागितल्याचं त्याच्या पाहण्यात नव्हतं. "माणसांना आठ दिवस तरी द्यावेत," जुना कारकून म्हणाला होता. "जो गेला त्याला काय लिहिलंय याने फरक पडत नाही. जे मागे राहतात त्यांनी कुठे जायचं?"

तर त्या आठ दिवसांत कोणीतरी यायचं. सहाव्या किंवा सातव्या दिवशी, दुपारी, खिडकीशी गर्दी नसताना. बाप, बायको, कधी मोठी बहीण. तो चेहऱ्याकडे बघत नसे, हातांकडे बघे. हात खिडकीच्या कठड्यावर ठेवले जात, उचलले जात, पुन्हा ठेवले जात. मग एक वाक्य येई. "ते शेवटचं... तसंच लिहायला पाहिजे का?" तो वही उघडायचा, पेन्सिलीने लिहिलेलं 'स्वतःहून' खोडायचा, त्यावर 'अपघात' लिहायचा आणि खोडरबराचा चुरा फुंकून टाकायचा. आठव्या दिवशी त्यावर शाई. माणूस निघून जाई. जाताना कोणी आभार मानत नसे, आणि तेच बरं वाटे.

जिल्ह्याच्या मधोमध एक डोंगर होता. त्याच्या एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. ही कचेरी सावलीच्या बाजूची. इथल्या खोऱ्यात हिवाळ्याचे चार महिने दुपारी एक वाजला की सूर्य डोंगरामागे जायचा आणि लोक दिवे लावायचे. घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरही नव्हती. पाटीच्या दगडाची खाण होती ती बंद पडली. शाळा दोनाची एक झाली. बस दिवसाला एक जायची आणि तीच परत यायची. तरणी माणसं खाली उतरली ती उतरलीच. मागे राहिलेले लोक बोलायला महाग होते, पण एक गोष्ट मात्र ते छाती काढून सांगत: "आमच्याकडे असलं काही होत नाही. ते पलीकडच्यांचं." पलीकडे म्हणजे उन्हाच्या बाजूला, जिथे फळबागा होत्या, रस्ता रुंद होता आणि नोंदणीच्या खिडकीत बसलेला कारकून नऊच्या नऊ रकाने पहिल्याच दिवशी शाईने भरत होता.

त्याला शाईवाला म्हणत. वर्षातून एकदा, प्रशिक्षणाला, दोघे शेजारी बसत.

"अजून पेन्सिलच का?" शाईवाला विचारी.

"अजून."

"मी एकदा लिहिलं की लिहिलं. बायको म्हणते, तुम्ही जेवणातली चूकसुद्धा शाईने काढता."

एवढंच त्यांचं बोलणं. दोघांच्या वह्या वर्षाअखेरीस एकाच इमारतीत जात, कोणीतरी त्यांची बेरीज करी आणि त्यावरून एक नकाशा तयार होई, याचा विचार खोडरबराने कधी केला नव्हता. केला असता तरी काय केलं असतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

खोडरबराचा थोरला भाऊ खाणीत होता. खाण बंद झाल्यावरही तो दोन वर्षं रोज सकाळी डबा घेऊन खाणीवर जाई, दिवसभर बसे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येई. डबा तो खात असे की कुत्र्यांना घालत असे, कोणालाच माहीत नव्हतं. बाकी तो चांगला होता, हसत होता, पोरीच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून देत होता. नऊ वर्षांपूर्वीच्या माघात तो गेला. कसा, ते इथे सांगायचं कारण नाही. रकान्यातही तेवढं लिहायचं नसतं.

वहिनी त्याच्या घरी आली नाही. सातव्या दिवशी ती कचेरीत आली आणि खिडकीसमोर दोन माणसांच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले, उचलले नाहीत.

"पोरगी सतरा वर्षांची आहे, भाऊजी," ती म्हणाली.

त्याने खोडलं. नोंद करताना पेन्सिल जास्त दाबली गेली होती, म्हणून खोडताना कागद जरासा विरला. त्याने 'अपघात' लिहिलं, चुरा फुंकला आणि मागच्या माणसाला पुढे यायला सांगितलं. नंतर त्याला आठवायचं ते एवढंच की मागचा माणूस सत्याऐंशी वर्षांच्या आईची नोंद करायला आला होता, आणि आईचं जन्मवर्ष त्याला आठवत नव्हतं.

पोरगी आता सव्वीसची होती. खोऱ्यातल्या टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. ती कचेरी आठ महिन्यांपूर्वी बंद झाली. नंतर ती घरात बसली, मग खोलीत, मग खोलीला आतून कडी. वहिनी ताट दाराशी ठेवी. कडी आठवड्यातून एकदाच निघायची, गुरुवारी, तालुक्याची नर्स जीप घेऊन वरच्या फेरीला यायची तेव्हा. नर्स रक्तदाब बघायची, चहा घ्यायची, पाऊण तास पायरीवर बसायची. पोरगी तिच्याशी बोले. काय बोले, ते वहिनीने कधी विचारलं नाही. बोलते आहे एवढं तिला पुरे होतं.

त्या महिन्यात कचेरीत एक बाई आली. पस्तिशीची, राज्याच्या आरोग्य खात्याकडून, काखेत गुंडाळलेला नकाशा. शिपायाने तासाभरात तिचं नाव नकाशावाली ठेवलं. तिने नकाशा मोठ्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले. जिल्हा मधोमध दुभंगलेला होता. उन्हाची बाजू गडद लाल. सावलीची बाजू जवळजवळ पांढरी.

"स्वतःहून गेलेले, लाखामागे पलीकडे सत्तावीस, तुमच्याकडे दोन," ती म्हणाली. "एकच डोंगर, तेच पाणी, दोन्हीकडे एकमेकांचेच सोयरे. मग हे असं कसं, काका?"

"इकडच्यांना त्याचाही कंटाळा येतो, मॅडम," शिपाई म्हणाला. सगळे हसले. खोडरबरही हसला असावा, कारण शिपायाने त्याच्याकडे बघून मान डोलावली.

"चेष्टा नाही," नकाशावाली म्हणाली, पण तीही हसत होती. "खरं तर सगळं उलट हवं होतं. ऊन कमी, घरं लांब लांब, काम गेलेलं, दवाखाना दोन तासांवर, एकटी राहिलेली माणसं. जिथे जिथे हे एकत्र येतं तिथे आकडा चढतो. इथे सगळं आहे आणि आकडा नाही. म्हणजे तुमच्या लोकांकडे असं काहीतरी आहे जे पलीकडच्यांकडे नाही. मी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलंय. घट्ट वीण म्हणते मी त्याला."

"घट्ट आहेच," मोठे साहेब म्हणाले. त्यांना बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. "आमच्याकडे कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही."

मग ती निघता निघता म्हणाली, "एक जीप, एक नर्स, एवढंच हातात आहे. पहिल्या तारखेपासून गुरुवारची फेरी आम्ही पलीकडे वळवतोय. तुम्हाला तशी गरज नाही."

खोडरबर तेव्हा डबा उघडत होता. त्याने झाकण पुन्हा लावलं. संध्याकाळी घरी गेल्यावर डबा तसाच भरलेला निघाला. त्याने तो ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. रिकामा डबा घेऊन येणाऱ्या माणसाविषयी त्याने इतकी वर्षं विचार केला होता. भरलेला परत आणणं त्याहून अवघड असतं, असं त्याला वाटलं. म्हणजे वाटलं असं नाही. ते वाक्य डोक्यात येऊन गेलं, आणि मग त्याने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशावाली एकटीच टेबलाशी होती. तो गेला आणि खिशातला खोडरबराचा तुकडा काढून त्याने पांढऱ्या भागावर ठेवला.

"काय खोडायचंय, काका?"

"खोडून झालंय," तो म्हणाला. "तुम्ही शोधताय ते हे."

तिला कळलं नाही. मग त्याने मागच्या दहा वर्षांच्या वह्या आणल्या, एक खिडकीपाशी नेली आणि पान तिरपं धरलं. उजेड आडवा पडला की शाईच्या 'अपघात'खाली पेन्सिलीच्या दाबाचे चर दिसत. ती वाकली, चष्मा काढला, बोटाने तो चर चाचपला. तिने पान उलटलं. आणखी एक. आणखी एक.

"किती आहेत?"

"मोजले नाहीत."

"एकतीस वर्षांत?"

"तेवढ्यासाठीच मोजले नाहीत."

ती खुर्चीत बसली. "माझं आख्खं प्रकरण," ती म्हणाली, आणि लगेच तिलाच ते बोलणं आवडलं नसावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला. मग ती कामाचं बोलू लागली, आणि त्याला हायसं वाटलं. तोंडी सांगितलेलं तिला धरता येत नव्हतं. पानावरचे चर धरता येत नव्हते. नोंद दुरुस्तीचा फॉर्म लागतो, त्यावर कारकुनाची सही लागते आणि ज्याने मृत्यू कळवला त्याची. अहवाल पंचवीस तारखेला जाणार. अकरा दिवस होते.

"दहाबारा जरी लेखी आले तरी मी फेरी हलवू देणार नाही," ती म्हणाली. "पण तुमची चौकशी होईल. माहीत आहे ना?"

"होऊ दे."

"आणि लोक सह्या करतील?"

त्याने कपाटातून कोऱ्या फॉर्मची चळत काढली. पहिल्यावर थोरल्याचं नाव लिहिलं. कळवणाऱ्याच्या जागी वहिनीचं.

गुरुवारी सकाळच्या बसने तो वर गेला. वहिनी ओट्याशी दूध तापवत होती. आतल्या खोलीचं दार बंद. दाराशी सकाळचं ताट होतं, अर्धं खाल्लेलं. म्हणजे आज बरा दिवस होता. त्याने काय झालं ते हळू आवाजात सांगितलं. नकाशा, लाल, पांढरा, पहिली तारीख, जीप. वहिनी पाठमोरी होती, तिने पळीने ढवळणं थांबवलं नाही.

"म्हणजे नर्स येणार नाही."

"आपण काही केलं नाही तर नाही."

त्याने फॉर्म ओट्यावर ठेवला. तिने वाचला. तो एवढासा कागद वाचायला तिला फार वेळ लागला.

"कोणाकोणाकडे जाणार आहात?"

"ज्यांचं ज्यांचं खोडलं त्यांच्याकडे. पण आपलं नसताना दुसऱ्यांकडे कुठल्या तोंडाने मागू?"

"तुम्हाला आठवतं सगळं, भाऊजी?" तिने विचारलं. "मला नाही आठवत. नऊ वर्षं मी अपघात म्हणतेय. दुकानात, बसमध्ये, तिच्यासमोर. आता डोळे मिटले तरी मला अपघातच दिसतो. नसलेला. कुठल्यातरी वळणावर झालेला." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती. दूध किती आलं सांगावं तसं म्हणत होती. "आणि आता तुम्ही म्हणता ते परत आणा."

"मीच खोडलं होतं, वहिनी."

"मीच सांगितलं होतं." तिने फॉर्म परत त्याच्याकडे सरकवला. "तिला कळेल. खोऱ्यात काही लपून राहतं का? उद्या कोणीतरी तिला..."

"तिला काय माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे?"

दोघांनीही बंद दाराकडे पाहिलं, आणि दोघांनी एकाच वेळी नजर काढून घेतली.

तेवढ्यात खालच्या वळणावर जीपचा आवाज आला. चढणीवर गिअर बदलताना ती जीप एकदा अडखळे, मग दम घेतल्यासारखी वर येई. वहिनीने गॅस बारीक केला. तिचे कान लागले होते, पण जीपकडे नाही. आणि मग आत कडी निघाली. लोखंडावर लोखंड घासल्याचा लहानसा आवाज. दार उघडलं. पोरगी बाहेर आली, केस विंचरलेले, अंगात थोरल्याचा जुना स्वेटर. काकाकडे तिने असं पाहिलं, जसा तो रोजच तिथे उभा असतो, आणि ती पायरीकडे गेली.

"आलात?" ती म्हणाली.

आठ महिन्यांत त्याने तिचा आवाज ऐकला नव्हता. तो जरा जाड झाला होता.

"आले बाई," नर्स जीपमधून उतरत म्हणाली. "मेंढ्यांनी अर्धा तास अडवलं. त्यांना वाटलं मी त्यांनाच टोचायला आलेय. सरक जरा, पायरी काय तुझ्या एकटीची आहे?"

पोरगी सरकली. तिच्या नाकातून एक श्वास सुटला. हसली असावी.

वहिनी ओट्याशी उभी होती. दूध वर आलं, तिने ते पाहिलं, आणि कडेवरून ते ओघळेपर्यंत हात हलवला नाही. मग गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्याच्यापुढे हात केला.

"द्या. पेन आहे ना? पेन्सिल नको."

तिने सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. मग सांडलेलं दूध पुसलं आणि चहाला चार कप मांडले.

पुढचे दिवस तो खोऱ्यात फिरला. रजा टाकली होती. साहेबांनी कारण विचारलं नाही, ते कारण त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. एका म्हाताऱ्याने सही करण्याआधी त्याला फॉर्म मोठ्याने वाचायला लावला, मग पुन्हा एकदा, मग म्हणाला, "हां. असंच होतं." एका घरी दार उघडलंच नाही, पण आतला रेडिओ बंद झालेला त्याला ऐकू आला. एक बाई अंगणात उभी राहून म्हणाली, "खोडायलाही तुम्हीच आणि लिहायलाही तुम्हीच? आम्ही काय पाटी आहोत तुमची?" तिने सही केली नाही, आणि तिच्या दिराने पार रस्त्यापर्यंत येऊन त्याला शिव्या दिल्या. सगळीकडे तो आधी पहिला फॉर्म दाखवायचा. थोरल्याचं नाव, वहिनीची सही. काही जण ते वाचून आत जात आणि बऱ्याच वेळाने बाहेर येत. पंचवीस तारखेपर्यंत अकरा सह्या झाल्या.

नोंदी दुरुस्त करायला तो कचेरीत बसला तेव्हा थोरल्याचं पान त्याने आधी उघडलं. 'अपघात'वर एक सरळ रेघ मारली. हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, तो त्याने परत आणला. विरलेल्या कागदावर शाई थोडी पसरली. त्याने फुंकर मारली. फुंकण्यासारखा चुरा नव्हता, तरी मारली.

फेरी राहिली. एका वर्षापुरती, पुन्हा मोजणी होईपर्यंत. नवा नकाशा आला तेव्हा सावलीची बाजूही रंगली होती, पलीकडच्यापेक्षा फिकी, पण पांढरी नाही. छाती काढून सांगायची ती एक गोष्ट खोऱ्यापाशी उरली नाही, आणि ती कोणी घालवली हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशी लागली. त्याला खिडकीवरून उठवून मागच्या दस्तऐवजांच्या खोलीत बसवलं. खिडकीवर नवीन मुलगी आली. ती नऊही रकाने शाईने भरते, आणि सातव्या दिवशी कोणी आलं तर काय बोलायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

तो आता गुरुवारी अर्धी रजा घेतो. सकाळी वर जातो, वहिनीकडे चहा घेतो, नर्सची जीप वर पोहोचायच्या आत खाली येणारी बस धरतो. पोरीला काय कळलं, कोणी सांगितलं, की तिला आधीपासूनच ठाऊक होतं, हे त्याने विचारलेलं नाही. एकदा ती दारातून म्हणाली, "काका, मागच्या वेळी छत्री विसरलास." त्याने छत्री घेतली.

बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. माणसं उभी असतात, पण तिथे बसत नाहीत. तो खिडकीकडे सरकून बसतो, शेजारच्या जागेवर डबा ठेवतो. खालच्या वळणावर बस थांबते, कारण तिथे दोन गाड्या एकदम मावत नाहीत. ड्रायव्हर हॉर्न देतो, बाजूला घेतो. जीप अडखळते, दम घेते आणि वर जाते.